काय की

उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात, लसीच्या फ्रिजशेजारी
मला एक टेबल दिलं, लाकडी, डुगडुगणारं,
आणि म्हणाले, यावर बसून दुसरं टेबल बनवा.
तालुक्यातली सगळी देवणी जनावरं त्यात मावली पाहिजेत.

आडवी ओळ म्हणजे एक जनावर.
उभे रकाने म्हणजे आपल्याला त्याच्याबद्दल वाटतं ते.
आणि एक रकाना असा, ज्यावरून
हीच ती गाय, दुसरी कुठलीच नव्हे,
असं शपथेवर सांगता यावं.

त्याला प्रायमरी की म्हणतात, मी खाजामियांना सांगितलं.
ते ड्रेसर, बत्तीस वर्षं इथंच,
बोटांना टिंक्चरचा वास, कानावर पेन.
म्हणाले, 'नाव की गाव की मालक की रंग?
ह्यातली कोणती की?'

आधी नाव घेतलं.
एकट्या हेर गावात निघाल्या एकवीस चंद्री.
मालक जोडला, तर दिगंबर बिरादार तीन,
त्यातल्या दोघांचे वडीलही नावानं एकच,
आणि तिसऱ्यानं गाय हंडरगुळीच्या बाजारात
दुपारच्या आत विकून टाकलेली.
मोबाइल म्हणावा, तर एक फोन चार भावांत:
ज्याचा रिचार्ज, त्या महिन्यात गाय त्याची.
वानेरा, बालंक्या, शेवेरा,
पांढऱ्यावर काळं किती आणि कुठं
यावर दवाखान्याच्या दारातच भांडणं.
कानातला पिवळा बिल्ला बरा, बारा आकडी,
पण तो बाभळीला अडकून तुटतो.
नवा मारला की गाय कागदावर नव्यानं जन्मते,
जुनी मात्र मरत नाही.

'मला नाकावरून कळतंय,' खाजामिया म्हणाले.
'एकाचं नाक दुसऱ्यासारखं नसतंय बगा.'
नाक कसं टाइप करू?
'ते तुमचं तुम्ही.'

मग मला सुचलं.
आईचा बिल्ला अधिक जन्माची तारीख.
एका आईला एका दिवशी एकच वासरू.
दोन रकान्यांची देखणी जोड-की,
माहेर आणि मुहूर्त दोन्ही असलेली.
(आईचाच बिल्ला तुटला तर? बघू नंतर.)
त्या रात्री नाशिकला आईला फोन करून सांगितलं.
ती म्हणाली, जेवलीस का?

माघात, पहाटे पावणेपाचला:
'मॅडम, नळगीरला हाय मी, केंद्रेबाईच्या गोठ्यात.
एक वासरू झालं, ते घेतलं तुमच्या मशीननं.
दुसरं झालं, ते घेईना.
लाल अक्षरात म्हणायलंय, हे आधीच हाय म्हणून.
काय करू?
ह्याला सांगू का, तू आधीच हाइस?'

मागं ऐकू येत होतं,
गाय चाटत होती, खरखरीत,
थोडं इकडं, थोडं तिकडं.

सकाळी जोड-की मोडली.
सगळ्यांना साधे आकडे दिले, एकापासून पुढं.
आकड्याला रंग नाही, गाव नाही,
तो बाजारात विकला जात नाही.
त्याला काहीच ठाऊक नाही,
म्हणून तो चुकूही शकत नाही.
आईचा आकडा शेजारच्या रकान्यात,
तिच्याकडं बोट करून उभा.

खाजामियांना पटेना.
'ह्या चारशे सतराचा अर्थ काय?'
'काय की,' मी म्हणाले,
नाशिकची मी, पहिल्यांदाच त्यांच्यासारखं.
ते जरा थांबले.
'म्हणजे काय की, हीच तुमची की.'

जुळ्यातली धाकटी उन्हाळा काढू शकली नाही.
'चारशे अठरा रिकामा झालाय,
नव्या वासराला देऊ?'
नाही. तो आता कुणालाच नाही.

त्यांनी कानावरचं पेन काढलं
आणि जुन्या रजिस्टरात,
जे भरायला त्यांना आता कुणी सांगत नाही,
चारशे अठरापुढं लिहिलं:
कालवड, शेवेरा,
नाकावर डावीकडं तिळाएवढं काळं.